वाकडीला रोज आधी पाणी

मी एक जुनी काचेची नळी आहे आणि मित्रांनो, दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर येण्याआधी मीच सांगून टाकते, मी वाकडी आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. त्या म्हणीतली नळी बिचारी सरळ होती. माझ्यात शेपूट घातले असते, तर दोष शेपटाचा की नळीचा, यावर आजही वाद चालू राहिला असता.

माझा आकार घोड्याच्या लांबोडक्या नालेसारखा. दोन पाय वर, वळण खाली. एक पाय जाड, दुसरा बारीक. बारीक पायात वरच्या बाजूला काचेचा एक फुगा आहे. फुग्याच्या वर एक रेघ, खाली एक रेघ. त्या खालच्या रेघेखाली शिवणाच्या सुईएवढे बारीक भोक आहे, तो माझा घसा. माझे सगळे आयुष्य या दोन रेघांच्या मध्ये गेले. एखादा द्रव वर ओढून सोडून द्यायचा आणि वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत उतरायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पातळ द्रव घाईने उतरतो. दाट द्रव दुपारचे जेवण झालेल्या माणसासारखा उतरतो. यावरून द्रव किती दाट आहे ते कळते. पुस्तकात मला श्यानतामापी म्हणतात. हे नाव नीट उच्चारून होईपर्यंत पातळ द्रव निम्म्यावर पोहोचलेला असतो.

मला घडवले एका काचवाल्याने. त्याने मला ज्योतीवर मऊ केले, फुंकले, ओढले आणि वाकवले. वाकवताना त्याने स्वतःचा श्वास रोखून धरला होता, हे मी विसरलेले नाही. मग त्याने मला भट्टीत ठेवले आणि दीड दिवस हळूहळू गार होऊ दिले. काच एकदम गार केली तर ती मनात राग धरते आणि वर्षांनंतर काही कारण नसताना तडकते. माझ्या मनात राग नाही, याचे श्रेय त्या दीड दिवसाला आहे. तो मला पुन्हा कधी भेटला नाही. भेटला असता तर आभार मानायची सोय मला नाही, हेही खरे.

तिथून मी एका प्रयोगशाळेत आले. पहिल्या मजल्यावर, गल्लीच्या टोकाची खोली. दगडी ओटा, दारावर आपटणारे कपाट, भिंतीवर पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळ आणि सायकली लावायच्या जागेकडे उघडणारी खिडकी. खिडकीत कुंडी, कुंडीत एक वेल. उजेड एकाच बाजूने यायचा, म्हणून वेल त्या बाजूला झुकून कमरेत वाकली होती. तेव्हा मी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे द्यावे लागले.

त्या खोलीत काका होते. त्यांच्या हुद्द्याचे नाव मदतनीस. एकतीस वर्षे त्यांनी मदत केली. कुणाला, ते साहेब बदलतील तसे बदलत गेले. काका सकाळी आठला येत. कोट अडकवत, बाह्या दुमडत आणि दुसरे कुठलेही काम करायच्या आधी मला साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, विसळून, हवा सोडून कोरडी करत. मग पंचवीस अंशांवर ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत मला उभी करून माझ्यातून नुसते स्वच्छ पाणी उतरवत. सेकंद मोजायच्या घड्याळाचे बटण अंगठ्याने दाबत. दोनशे बारा सेकंद. रोज दोनशे बारा. तो आकडा त्यांनी टाकीमागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. भिंतीला दोनदा रंग दिला गेला. दोन्ही वेळा रंग वाळायच्या आत काकांनी तो पुन्हा लिहिला.

दोनशे बारा आले की काका मला म्हणत, "वाकडे, तब्येत ठीक आहे." हे आमच्यातले नाव. चारचौघांत ते मला तीन नंबर म्हणत, कारण माझ्या पायावर तीनचा आकडा कोरलेला आहे. साहेब लोकांसमोर काचेशी घरगुती बोलणे बरे दिसत नाही, असा त्यांचा समज होता.

एकदा तपासणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने त्यांना विचारले, की तुमचे वय झाले, अंगठा बटणावर उशिरा पडत असेल, मग मोजमाप चुकत नाही का? काका शांतपणे म्हणाले, "साहेब, अंगठा वरच्या रेघेला जेवढा उशीर करतो, तेवढाच खालच्या रेघेला करतो. वजाबाकीत उशीर उडून जातो. उशीर करायचाच तर नेमाने करावा." अधिकाऱ्याने हे वाक्य वहीत उतरवून घेतले, बहुधा स्वतःच्या कचेरीत वापरायला.

मग एके दिवशी बाई आल्या. बाई म्हणजे संशोधक. चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधणाऱ्या. त्या एकट्या आल्या नव्हत्या, एक अडचण घेऊन आल्या होत्या. जवळच्या दवाखान्यातले एक्स-रेचे यंत्र सकाळी अकरानंतर इतके तापायचे, की तासभर बंद ठेवावे लागायचे. बाहेर बाकावर हात गळ्यात बांधलेली माणसे बसून राहायची. ते यंत्र चालवणारे एक्स-रेवाले दादा स्वतः एकदा प्रयोगशाळेत येऊन गेले. त्यांनी सांगितले, की दुखणाऱ्या माणसाला 'यंत्र दम खातंय, थांबा' असे म्हणताना जीभ जड होते. यंत्राभोवती पाणी फिरत होते, पण ते पाणी उष्णता पुरेशी उचलत नव्हते. बाईंना असे पाणी बनवायचे होते, जे उष्णता जास्त उचलेल आणि तरीही त्या यंत्राच्या लहानशा पंपाला पेलेल.

आता जरा नीट ऐका, कारण पुढची सगळी गंमत यात आहे. उष्णता पाण्यातून जाते ती हातोहात. एक रेणू शेजाऱ्याला धक्का देतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. पाण्याचे रेणू या कामात जरा आळशी आहेत. धातूच्या भस्माचे कण मात्र हे काम झपाट्याने करतात. म्हणून पाण्यात असे कण सोडायचे, पण अगदी बारीक. इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत दोन-अडीच हजार कण शेजारी शेजारी उभे राहावेत. त्यांना नॅनोकण म्हणतात.

पण या कणांना एक खोड असते. ते भेटले की गळ्यात गळे घालतात. दोनाचे चार, चाराचे चाळीस, मग त्यांचा गोळा होतो आणि गोळा तळाशी जाऊन बसतो. वर राहते साधे पाणी. आणि गोळे झालेला द्रव वाहायलाही नाठाळ होतो. जोरात ढकलला की पळतो, सोडला की दाटून बसतो. काका म्हणायचे, आमच्या कचेरीतल्या फायलीही अशाच आहेत.

म्हणून प्रत्येक कणाला एक लेप द्यायचा. लेपाच्या रेणूंचे एक टोक कणाला धरून ठेवते आणि दुसरे टोक शेपटीसारखे पाण्यात हलत राहते. दोन कण जवळ आले, की त्यांच्या शेपट्या एकमेकींना म्हणतात, जरा सरकून घ्या. बाई या लेपाला सदरा म्हणत. सदरा नसेल तर कण बिलगतात. सदऱ्यावर सदरा, त्यावर कोट चढवला, तर उष्णता आत शिरत नाही आणि असे जाडजूड कपडे घातलेले पाहुणे अरुंद बोळातून जाताना वाटही अडवतात. म्हणजे द्रव दाट होतो. अंगाबरोबर बसेल असाच सदरा हवा. तो शोधायला बाईंना सतरा नमुने लागले. दुसरे लोक सोळाव्याला खचतात. बाई खचल्या होत्या नवव्यालाच, पण कुणाला सांगायला सवड झाली नाही.

दिवसाचे काम संपले, की बाई बाटल्या उजेडाकडे धरून तळ बघायच्या आणि आतल्या कणांना दटावायच्या, "बसू नका रे बाबांनो, बसू नका." सगळे जग आल्यागेल्याला बसा बसा म्हणते. न बसण्याचा आग्रह करणारी ही एकच बाई मी पाहिली.

सतरावा नमुना कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. त्याच्या दोन परीक्षा झाल्या. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला माझी शेजारीण राहते, गरम तार. ती द्रवात बुडून स्वतः तापते आणि आपली उष्णता किती लवकर वाहून जाते ते सांगते. स्वभावाने तापट, पण खोटे बोलत नाही. ती म्हणाली, साध्या पाण्यापेक्षा शंभरात चौदाने जास्त. मग तो द्रव माझ्यातून उतरला. दोनशे सेहेचाळीस सेकंद. बाईंनी त्याला भिंतीवरच्या दोनशे बाराने भागले. पाण्यापेक्षा शंभरात सोळाने दाट. पंपाला शंभरात वीसपर्यंत चालणार होते. बाईंनी काकांकडे बघितले. काकांनी माझ्याकडे बघितले. माझे इतके कौतुक त्या खोलीत पूर्वी कधी झाले नव्हते. बाईंनी मला स्वतःच्या हाताने पुसले, तेही चष्मा पुसायच्या फडक्याने.

आता फक्त एक गोष्ट उरली होती. हा द्रव चार महिने असाच राहतो का, ते बघायचे. राहिला तर तो दवाखान्यात जाणार, नाहीतर नाही.

नेमके त्याच आठवड्यात काका निवृत्त झाले. साहेबांनी भाषण केले. काका हे या संस्थेचा कणा आहेत असे सांगितले, आणि कणा उद्यापासून येणार नाही याबद्दल आनंद व्यक्त केला. त्यांना खेद म्हणायचे होते. बाई त्या दिवशी दवाखान्यात पंप मोजायला गेल्या होत्या. म्हणून काकांनी जाताना एक चिठ्ठी लिहून ओट्यावरच्या फळीला टाचणीने लावली. अक्षर सुंदर, मोत्यासारखे:

'वाकडीला रोज आधी पाणी द्यावे. मगच पुढचे काम.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली. माझ्या काचेतून आनंदाची लहर गेली. माणूस गेला, पण व्यवस्था लावून गेला, असे मला वाटले. बाईंनी पाण्याचा तांब्या भरला. त्या माझ्याकडे आल्या. माझ्याजवळून पुढे गेल्या. खिडकीपाशी थांबल्या आणि त्यांनी ते पाणी कमरेत वाकलेल्या त्या वेलीला घातले.

मित्रांनो, यात बाईंचा दोष नव्हता. माझे घरगुती नाव त्यांना ठाऊक नव्हते. त्या साडेनऊला यायच्या. आठ ते साडेनऊ काका आणि मी काय करतो, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. खोलीत वाकडी दिसणारी आणि पाणी पिणारी गोष्ट एकच होती. काकांच्या शब्दाचा त्यांना इतका मान, की त्यांनी एक दिवस चुकवला नाही. सुट्टीच्या दिवशीही येऊन वेलीला पाणी घालून गेल्या. वेल माजली. तिने खिडकी ओलांडली, घड्याळाला वेटोळे घातले आणि कपाटाच्या मुठीपर्यंत हात नेला. तिचा मला राग आला असे मी म्हणणार नाही. मघाशीच सांगितले, मी दीड दिवस गार झालेली काच आहे. पण माझ्या नावाचे पाणी ती पीत होती, एवढी नोंद मी मनात ठेवली.

बाई मलाही धूत होत्याच. पण रोजची मोजणी झाली की नळाखाली खळखळ, खळखळ, आणि स्टँडवर. नमुन्यात सदऱ्याचे काही रेणू कणांना पुरून उरलेले असतात. उरलेले सदरे बेकार माणसांसारखे फिरतात आणि दिसेल त्याला धरतात. त्यांनी माझी काच धरली. त्यांना चुकार कण चिकटले. नुसत्या पाण्याने ते निघत नव्हते. रोज एक पापुद्रा, डोळ्यांना न दिसणारा. आणि माझा घसा तर सुईएवढा. त्याचा स्वभाव विचित्र आहे: तो शंभरात दोनने अरुंद झाला, तर द्रवाला उतरायला शंभरात आठने जास्त वेळ लागतो.

आधी दोनशे अठ्ठेचाळीस आले. मग एक्कावन्न. मग सत्तावन्न. बाई हिशेब करत आणि चष्मा डोक्यावरून काढून पुन्हा डोक्यावरच ठेवत. द्रव दाट होतोय, याचा अर्थ त्यांच्या मते एकच: सदरे सुटत आहेत, कण बिलगत आहेत. पण बाटलीचा तळ स्वच्छ होता. गरम तार आपली एकच घोषणा देत होती, चौदा. मला ओरडून सांगावेसे वाटे, की बाई, द्रव तसाच आहे, मीच बिघडले आहे. पण मला बोलता आले असते, तरी त्या घशातून काय आवाज निघणार होता? मी खोटे सांगत नव्हते, एवढेच म्हणते. मला जे होत होते तेच मी सांगत होते. आजारी माणसाला सगळे जेवण कडू लागते, आणि तो शपथेवर सांगतो की स्वयंपाक बिघडलाय.

बाईंनी ताजा नमुना बनवला. तोही दाट निघाला. अर्थातच. मग त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. पहिल्यांदा चांगला आला तो योगायोग, असे त्या फोनवर आपल्या आईला सांगत होत्या. आईने पलीकडून विचारले असावे, की जेवलीस का, कारण बाई म्हणाल्या, "आई, मी काय बोलतेय आणि तू काय विचारतेस," आणि मग थोड्या वेळाने, "नाही, अजून नाही."

चार महिने भरले तेव्हा आकडा होता दोनशे सहासष्ट. पाण्यापेक्षा सव्वापट दाट. पंपाला पेलणार नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले, की काम थांबवावे. अपयश हेही एक यश असते, फक्त ते कपाटात ठेवायचे असते. शुक्रवारी सगळ्या बाटल्या टाकाऊ रसायनांच्या पिंपात ओतायचे ठरले. दवाखान्याला कळवायची चिठ्ठी बाईंनी स्वतः लिहायला घेतली. 'एक्स-रेवाले दादांना' एवढे लिहून त्या बराच वेळ पेन धरून बसल्या होत्या.

गुरुवारी सकाळी काका आले.

झाले होते असे, की काकूंनी कपाट आवरताना काकांची कामावरची जुनी पँट धुवायला काढली, आणि खिशात प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली निघाली. चार महिने ते कपाट कुणी उघडले नव्हते, कारण सगळ्यांना वाटत होते, किल्ली दुसऱ्याकडे आहे. काकूंनी काकांना ऐकवले, की एकतीस वर्षे तिथलं काही घरी आणलं नाहीत आणि जाता जाता चोरी केलीत. काका किल्ली परत करायला तसेच निघाले.

दारातच ते थबकले. वेलीने त्यांना वर, खाली आणि कपाटाजवळ अशी तीन ठिकाणी दर्शने दिली.

"वेल फारच माजलीय," काका म्हणाले.

"तुमचीच चिठ्ठी पाळतेय, काका," बाई मान वर न करता म्हणाल्या. "रोज आधी पाणी. एक दिवस चुकवला नाही. तेवढं एक काम मला नीट जमलं बघा."

"माझी चिठ्ठी वेलीची कुठं होती?"

बाईंनी फळीवरची चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. काकांनी ती वाचली. एकदा वेलीकडे बघितले. मग वळून माझ्याकडे बघितले. एकतीस वर्षे चारचौघांत न उच्चारलेले नाव आता उच्चारावे लागणार, म्हणून ते थोडे लाजलेही असावेत.

"बाई," ते म्हणाले, "वाकडी म्हणजे ही."

पाच मिनिटे पुढचे घड्याळ वेलीच्या विळख्यात टिकटिकत होते. बाईंच्या डोक्यावरून चष्मा घसरून आपोआप नाकावर आला, आणि पहिल्यांदा योग्य जागी बसला.

काकांनी पुढे काही विचारले नाही. कोट अडकवला. बाह्या दुमडल्या. मला टाकीत उभी केली आणि आहे तशीच, न धुता, माझ्यातून साधे पाणी सोडले. बाई शेजारी उभ्या होत्या. दोनशे बारा सेकंद झाले. पाणी अजून फुग्यातच होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. काकांचा अंगठा शांतपणे थांबून राहिला. खालची रेघ आली तेव्हा घड्याळात दोनशे एकोणतीस झाले होते.

"साधं पाणी सतरा सेकंदांनी दाट झालंय," काका म्हणाले. "आता पाण्यालाही सदरे घातलेत का तुम्ही?"

मग काकांनी मला उजेडाकडे धरले, अगदी डॉक्टर आ करायला सांगतात तसे, आणि निदान केले.

"कण बसले नाहीत, बाई. हिचा घसा बसलाय."

त्यानंतर जे झाले, ते आठवले की अजून बरे वाटते. किल्ली आलेलीच होती. कपाट उघडले, कारण माझा खास धुण्याचा द्रव चार महिने त्यातच कोंडलेला होता. आधी तो, मग कोमट साबणाचे पाणी, मग विसळणे, मग पुन्हा तेच. बाईंनी स्वतः केले. काका स्टुलावर बसून नुसते सांगत होते, की घाई नको, घसा आहे तो, गटार नव्हे. पापुद्रे निघत गेले. दुपार झाली. पाणी सोडले. दोनशे अठरा. पुन्हा धुतले. दोनशे तेरा. पुन्हा. दोनशे बारा.

मग सतरावा नमुना, चार महिने बाटलीत न बसता उभा राहिलेला. शेवटचे काही सेकंद बाई आकडे मोठ्याने मोजत होत्या आणि मोजता मोजता त्यांचा आवाज बारीक होत गेला. दोनशे सेहेचाळीस. चार महिन्यांपूर्वी होता तेवढाच. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

बाई हसल्या. मग रडल्या. मग काकांनी विचारले, जेवलात का, आणि त्या म्हणाल्या, "सगळे मला हेच का विचारतात?"

साहेबांना सांगायला त्या एकट्या गेल्या. साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे चार महिने आपण वेलीवर प्रयोग करत होतो." मग त्यांनी सुचवले, की अहवालात 'तांत्रिक कारणास्तव' एवढे लिहावे. त्या दोन शब्दांखाली आजवर संस्थेची पुष्कळ फुटलेली भांडी झाकली गेली आहेत. पण बाईंनी ऐकले नाही. त्यांनी लिहिले: नळी धुण्यात माझी चूक झाली, नळीची रोजची परीक्षा मी घेतली नाही, म्हणून आकडे चुकले, द्रव चुकला नव्हता. खाली सही केली. ते वाक्य लिहिणाऱ्या हाताने मला पुसले आहे, याचा मला अभिमान वाटतो.

शुक्रवारी पिंपात काही ओतले गेले नाही. दोन आठवड्यांनी तो कोऱ्या चहाच्या रंगाचा द्रव एक्स-रेच्या यंत्राभोवती फिरू लागला. आता यंत्र अकरानंतर दम खात नाही. एक्स-रेवाले दादा आभार मानायला आले आणि परत गेले ते रिकाम्या हाताने नाही. ते काकांना आणि मला घेऊन गेले. मी काकांच्या मांडीवर, पंच्यात गुंडाळलेली. तिथे त्यांनी माझा फोटो काढला, आतून. बाकावरच्या माणसांनी मोठ्या मनाने मला पुढे जाऊ दिले; नळीला काय झालंय, एवढे फक्त विचारले. तो फोटो आता आमच्या खिडकीच्या काचेवर लावला आहे. उजेड आला की त्यात माझा घसा स्वच्छ दिसतो. शेजारी वेल आहे. तिचे पाणी आता एक दिवसाआड केले आहे, आणि तिने ते मनाला लावून घेतलेले नाही. आम्ही दोघी आता बऱ्या शेजारणी आहोत.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझ्या जागी फिरकीचे एक नवे यंत्र आले आहे. ते आकडे स्वतः दाखवते आणि अंगठा मागत नाही. मी लाकडी पेटीत कापसावर असते. याबद्दल माझी तक्रार नाही. काचवाल्याने वाकवले, काकांनी धुतले, बाईंनी खरे लिहिले, एवढे एका वाकड्या नळीला खूप झाले. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात, शाळेत, दप्तरात जे काही मोजणारे असेल, वजनकाटा, पट्टी, घड्याळ किंवा तुमचे स्वतःचे मन, त्याला अधूनमधून साध्या पाण्याने तपासून बघत जा. जग दाट झाले आहे असे वाटू लागले, तर आधी आपला घसा बघा. आणि घरातल्या कुणाला लाडाच्या नावाने हाक मारत असाल, तर चिठ्ठीत मात्र पूर्ण नाव लिहा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका येतात. बाई पेटी उघडतात, मला धुतात, टाकीत उभी करतात आणि पाणी सोडतात. बटण काकाच दाबतात. त्यांचा अंगठा आता फारच सावकाश झाला आहे. वरची रेघ ओलांडून पाणी चांगले खाली येते, तेव्हा कुठे तो पडतो. खालच्या रेघेलाही तो तितकाच रेंगाळतो. मग काका घड्याळ लांब धरून आकडा वाचतात, आणि बाई भिंतीकडे न बघता त्यांच्याबरोबर म्हणतात:

"दोनशे बारा."

"वाकडे," काका आता सगळ्यांसमोर म्हणतात, "तब्येत ठीक आहे."